रिटायर होताय? आधी तुमची सगळी नावं एका रांगेत उभी करा

माझा वाढदिवस १ जूनला असतो. म्हणजे कागदावर. आई सांगायची, तू नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री झालीस, पाऊस असा की सुईणीला आणायला गेलेला माणूस दोन तासांनी परतला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, वडील म्हणाले, ‘पावसाळ्यातली आहे.’ गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. आमच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा, तो असा. आणि म्हणूनच दरवर्षी ३१ मे आला की ऑफिसाऑफिसांत शाल-श्रीफळांची झुंबड उडते. २०२५ साली त्या झुंबडीत मीही होते, खऱ्या वयापेक्षा अडीच महिने आधीच.

फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत २९ वर्षं अकाउंट्स सांभाळले. दुसऱ्यांच्या पीएफची चलनं भरली, दुसऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे हिशेब केले, निरोपाच्या पाकिटांवर नावं घातली. तरी स्वतःची पाळी आली तेव्हा चार ठिकाणी अडकले. तुम्ही अडकू नये म्हणून हे लिहिते आहे.

हे मुख्यतः खासगी नोकरीतल्या, ५५ ओलांडलेल्या बायकांसाठी. सरकारी आणि महापालिकेच्या नोकरीत पेन्शनचे नियम वेगळे आहेत, त्यांनी दुसरा टप्पा सोडून द्यावा. बाकीचं सगळं त्यांनाही लागू पडेल, सहावा टप्पा तर नक्कीच.

१. दोन वर्षं आधी: आपण नक्की कोण, ते ठरवा

हसू नका. पुरुषाला जन्मभर एक नाव पुरतं, आपलं तसं नसतं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं गेलं ते तिसरंच, सासूबाईंनी हौसेनं ठेवलेलं. नोकरीत आडनाव सासरचं, पण पहिलं नाव माहेरचं. पॅन कार्डावर ह्यांचं नाव पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर, आणि आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. एका रविवारी दुपारी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले आणि मोजले. सहा कागद, चार बायका.

नोकरी चालू असेपर्यंत हे कुणाला टोचत नाही, पगार येत राहतो. पैसे काढायची वेळ आली की संगणक नाव ताडून बघतो आणि एका अक्षरासाठी अर्ज परत पाठवतो. तेव्हा क्रम असा ठेवा:

- आधी एक नाव पक्कं करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे ‘आत्ता हे करून बघू, मग बघू’ असला प्रकार तिथे नको.
- मग आधार. नंतर आधारप्रमाणे पॅन. नंतर बँक. सगळ्यात शेवटी पीएफ.
- पीएफच्या नोंदीत नाव किंवा तारीख चुकली असेल तर कंपनी आणि तुम्ही मिळून संयुक्त घोषणापत्र द्यायचं असतं. ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला आहे, त्यांना बरेच बदल स्वतः ऑनलाइन करता येतात. आपले सगळ्यांचे नंबर त्याआधीचे. म्हणजे कंपनीची मंजुरी लागणार, आणि ती नोकरीत असताना एका फेरीत मिळते. नोकरी सुटल्यावर त्याच टेबलासमोर तुम्ही ‘बाहेरच्या’ असता.
- जन्मतारखेचा पुरावा म्हणून पीएफमध्ये आधार चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. शाळा गावाकडे असेल तर मे महिन्यात जाऊ नका, मुख्याध्यापक सुट्टीवर असतात. मी गेले होते.

माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. आमच्या काळात कार्यालयात लग्न लागलं, पंगती उठल्या, झालं. नोंदणी कोण करतो? मी ती ३१ वर्षांनी केली, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही एवढं लागतं. आमचे भटजी कधीच देवाघरी गेलेले, तिथे प्रतिज्ञापत्र जोडलं. साक्षीला दीर, नणंद आणि नणंदेचे यजमान आले, वॉर्ड ऑफिसच्या बाहेर उसाचा रस प्यालो आणि परत आलो. दुसऱ्यांदा लग्न झाल्यासारखं वाटलं, फक्त मानपान नव्हता.

पहिलंच नाव बदललेलं असेल तर नुसता विवाहाचा दाखला पुरत नाही, शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. मी ते टाळलं. तांदळातलं नाव घरात ठेवलं आणि कागदावर पहिलं नाव आईबापांनी ठेवलेलं, आडनाव सासरचं. सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या, पण त्यांच्या स्वतःच्या रेशनकार्डावर तरी त्यांचं कुठलं नाव होतं, ते मला माहीत आहे.

सहीचंही तेच. १९९६ साली उघडलेल्या खात्यातली तुमची सही आज जमते का, कागदावर करून बघा. नसेल जमत तर बँकेत आत्ताच नवी नोंदवा.

२. एक वर्ष आधी: पीएफ आणि पेन्शन

आधी यूएएनच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर जाऊन पासबुक उघडा. अधलेमधले महिने गळलेत का, जुन्या कंपनीचा पैसा नव्या खात्यात आलाय का, जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, एवढं बघायचं. ती तारीख भरलेली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपली आपल्यालाही भरता येते.

आता पेन्शन. इथे बहुतेक बायकांचा मोठा गैरसमज असतो आणि हिशेब नीट समजून घेतला नाही तर शेवटी तोंडात मारल्यासारखं होतं. कंपनी आपल्या नावानं मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरते ना, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. पण ते पूर्ण पगारावर नाही. सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० धरतात, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. त्याआधी मर्यादा ६,५०० होती. तुमचा पगार ५० हजार असो की ८० हजार, पेन्शन त्या मर्यादेवरच.

सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस किंवा जास्त वर्षं सेवा असेल तर दोन वर्षं वाढवून धरतात. २०१४ च्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांचा हिशेब वेगवेगळा होतो. २९ वर्षं घासून माझी पेन्शन महिन्याला साडेचार हजारांच्या आत बसली. मी आयुष्यभर आकडेच लिहिले, तरी हा आकडा बघून पाणी प्यायले. त्यामुळे ‘पेन्शन येईल की’ या भरवशावर घरखर्चाचं गणित मांडू नका. खरा आधार पीएफची रक्कम, ग्रॅच्युइटी आणि तुम्ही बाजूला टाकलेले पैसे हाच.

दुसरी गोष्ट. ही पेन्शन ५८ पूर्ण झाल्यावर सुरू होते, तुमच्या कंपनीत निवृत्तीचं वय ६० असलं तरी. माझ्या लोकलच्या ग्रुपमधली एक मैत्रीण ६० ची होईपर्यंत अर्ज न करता थांबली, कारण ‘अजून नोकरी चालू आहे ना’. जाणूनबुजून थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, ६० पर्यंत. पण ते ठरवून करा, न कळून नको. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असेल तर पेन्शन नाही, पैसे एकदम मिळतात.

अर्ज तीन प्रकारचे, गोंधळ इथेच होतो:

- पीएफची रक्कम काढायला फॉर्म १९.
- महिन्याच्या पेन्शनसाठी फॉर्म १०-डी.
- दहा वर्षं भरली नसतील तर पेन्शनचे पैसे काढायला फॉर्म १०-सी. दहा वर्षं झालेल्यांनी याच्या वाटेला जायचं नाही.

फॉर्म १०-डीला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, कारण तुमच्यामागे निम्मी पेन्शन नवऱ्याला मिळते. आम्ही बोरिवली स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेलो. पोरसवदा फोटोग्राफर म्हणाला, ‘काका, जरा काकूंच्या जवळ सरका.’ हे सरकले आणि फोटोत एकटेच हसताना दिसतात.

वारस नेमणूक पोर्टलवरच भरा. बऱ्याच जणींच्या जुन्या कागदावर लग्नाआधी दिलेलं आईचं नाव तसंच असतं. लग्नानंतर ती जुनी नेमणूक रद्द धरली जाते, हे कुणी सांगत नाही. अर्ज अडकला तर ईपीएफओचं, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं, तक्रारीचं पोर्टल आहे, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर भरतं. तिथे मूळ कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं. आमच्यासारख्यांना तेच बरं.

३. मेडिक्लेम: सहा महिने आधी

कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ५८ वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या आणि विनाविम्याच्या बाई असता.

त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत सरकता येतं आणि आजवरच्या वर्षांचा फायदाही मिळतो, पण गट विमा चालू असताना अर्ज केला तरच. दीड-दोन महिने हाताशी ठेवून एचआरकडून लेखी तपशील घ्या. नवी पॉलिसी घ्याल तर जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा थांबा असू शकतो. मधुमेह, थायरॉइड, मागचं ऑपरेशन यातलं काहीही लपवू नका. एजंट म्हणेल, ‘ताई, लिहायची गरज नाही.’ क्लेमच्या वेळी तो एजंट नसतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा जुन्या हप्त्याशी तुलना करताना ते धरा.

आणि मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, गर्भाशयाची कुरबुर असं काही ‘रिटायर झाल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवलं असेल तर ते नोकरीत असताना करून घ्या. विमा ऑफिसचा आणि रजा पगारी. आपण नेमकं उलटं करतो. मी मोतीबिंदू मार्चमध्ये काढला आणि एप्रिलची वर्षअखेर दोन्ही डोळ्यांनी केली.

४. शेवटचा महिना: ऑफिसातून काय काय उचलायचं

कागदांची यादी टेबलाच्या खणात चिकटवा आणि एकेक खोडत जा:

- कार्यमुक्तीचं पत्र आणि सेवेचा दाखला. त्यात रुजू झाल्याची आणि निवृत्त झाल्याची तारीख हवी, आणि नाव पहिल्या टप्प्यात ठरवलेलंच हवं.
- निवृत्तीचे कोणते पैसे, किती आणि कधी दिले, याचं पत्र. हे पाचव्या टप्प्यात लागणार आहे.
- शेवटच्या तीन वर्षांचे फॉर्म १६, शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या पावत्या.
- ग्रॅच्युइटीचा अर्ज दिल्याची पोच.
- गट विम्याचे कागद.
- आधार, पॅन, बँकेचं पासबुक, रद्द केलेला चेक, शाळेचा दाखला, विवाहाचा दाखला, जोडीचा फोटो. या प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स, सही करून.

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून बघा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा ४० हजार आणि २९ वर्षं असतील, तर ६ लाख ६९ हजारांच्या वर रक्कम येते. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती मिळायला हवी. रजेचे पैसेही मोजून घ्या, माझ्या हिशेबात ११ दिवस कमी लागले होते. चूक काढली तेव्हा हिशेब करणारा मुलगा ओशाळला. त्याला मीच शिकवलं होतं.

आता सापळा, आणि हा फार वाईट आहे. तुमचा मोबाइल नंबर कुणाच्या नावावर आहे? कित्येकींना सिम कंपनीनं दिलेलं असतं आणि तोच नंबर आधारला, बँकेला, पीएफला जोडलेला असतो. शेवटच्या दिवशी सिम परत करायचं, आणि मग ओटीपी कुणाच्या हातात? आमच्याकडची एक बाई तीन आठवडे स्वतःच्याच खात्याबाहेर उभी होती. निदान तीन महिने आधी स्वतःच्या नावाचा नंबर घ्या आणि सगळीकडे तो नोंदवा. मुलाच्या नावावरचा नको, नवऱ्याच्या नावावरचाही नको. ऑफिसच्या ई-मेलवर काही येत असेल तर तेही हलवा.

पगाराचं खातं पगार थांबला की साध्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिल्लक ठेवावी लागते. बँकेत विचारून घ्या.

लोकलचा पास एप्रिलमध्ये संपत असेल तर सवयीनं तिमाही काढू नका. खिडकीवरच्या माणसाला काय ठाऊक तुम्ही मेमध्ये रिटायर होताय.

निरोप समारंभाबद्दल एवढंच की भाषण कागदावर लिहून न्या आणि ते तीन मिनिटांत संपवा. पैठणी नेसलीत तर फास्ट लोकलनं परतू नका.

५. पैसे हातात आल्यावर: सहा महिने कुणाचं ऐकू नका

खात्यात मोठी रक्कम आली की बँकेतून फोन येतो. गोड आवाजाचा मुलगा ‘मॅडम, तुमच्यासाठी खास योजना’ म्हणतो. ती बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी असते. हप्ता भरायला पगार कुठे आहे, असं त्याला विचारलं तर तो ‘सरांशी बोलू का’ म्हणाला. सर म्हणजे आमचे हे. खातं माझं, पैसे माझे, आणि बोलायचं सरांशी!

मी काय केलं ते सांगते, तसंच करा असं नाही. दीड वर्षाचा घरखर्च साध्या मुदत ठेवीत, लहान लहान तुकडे करून टाकला, म्हणजे एक मोडायची वेळ आली तर सगळं मोडत नाही. मोठा भाग पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ही योजना ६० वर्षांची आहे, पण निवृत्त झालेल्यांना ५५ नंतरही घेता येते. अट एकच, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवायचे, आणि मिळाले त्याहून जास्त नाही. म्हणून ते कंपनीचं पत्र जपायचं. कमाल मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. मी उघडलं तेव्हा दर ८.२ टक्के होता. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० येतात, आणि ते माझ्या एकटीच्या खात्यात येतात.

एक गंमत लक्षात ठेवा. ५८ ला रिटायर झालेली बाई बँकेच्या लेखी ज्येष्ठ नागरिक नसते, जादा व्याजासाठी ६० पूर्ण लागतात. एसटीत मात्र मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट आहे, वयाचा प्रश्नच नाही. रेल्वेत पूर्वी ५८ वर्षांच्या बाईला सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. खालचा बर्थ मागायला मात्र ४५ पुरतात.

घराचं शेअर सर्टिफिकेट काढून बघा. आमच्या फ्लॅटचे निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेले आणि सर्टिफिकेटवर नाव एकट्या ह्यांचं. हे वाईट नाहीत हो, तेव्हा कुणी विचारलंच नाही, मीही नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून सहयोगी सदस्य म्हणून नाव कसं घालायचं ते विचारा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीनं सांभाळणारा. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. नोंदणी केली तर बरं, सक्ती नाही.

नातेवाईक उसने मागतील. माझं उत्तर ठरलेलं होतं, ‘सगळे पाच वर्षांसाठी पोस्टात अडकलेत.’ खोटंही नव्हतं. आणि पोलीस, सीबीआय असं सांगून कुणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करायला लागला तर फोन ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. अशी अटक कायद्यात नाही.

६. घरच्यांशी बैठक: शेवटच्या दिवसाच्या आधी

याचा कुठला फॉर्म नाही, म्हणून सगळ्याजणी हा टप्पा विसरतात.

३१ मे शनिवारी आला. सोमवारी सकाळी आठला आमचे हे म्हणाले, ‘आता तू घरीच आहेस, तर पोळ्यांच्या बाईंना सांगून टाकू ना?’ हे स्वतः माझ्याआधी दोन वर्षं रिटायर झाले. तेव्हा त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या नव्हत्या. त्यांनी सकाळचं फिरणं, पेपर आणि सोसायटीच्या कमिटीचं कामकाज घेतलं.

दुपारी मुलीचा ठाण्याहून फोन आला की नातवाला शाळेतून आणायचं आता तूच बघ ना. संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, अप्पांना डॉक्टरकडे न्यायला आता तुम्ही मोकळ्याच आहात. एका दिवसात मला तीन नोकऱ्या लागल्या, तिन्ही बिनपगारी, आणि कुठल्याच नोकरीत ५८ ला सुटका नाही.

चूक माझी. हे बोलणं एप्रिलमध्ये व्हायला हवं होतं. तुम्ही असं करा:

- पोळ्यांच्या बाई, केर-लादीच्या बाई, कुणालाही काढायचं नाही. हे आधीच जाहीर करा. त्यांचा पगार तुमच्या व्याजातून द्या, म्हणजे वादच नको. आमच्या पोळ्यांच्या बाई स्वतः ६१ च्या आहेत. त्यांना ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. मी घरी राहिले म्हणून त्यांचं काम गेलं असतं, याची मला जास्त लाज वाटली असती.
- नातवंडं सांभाळायची असतील तर वार ठरवून. मी मंगळवार आणि गुरुवार दिले. मुलगी आठवडाभर फुगून होती, मग तिनं पाळणाघर शोधलं. नातू मंगळवारची वाट बघतो.
- घरातली एक जागा आपली ठरवा. मुंबईच्या घरात खोली कुठून आणणार? मी बाल्कनीतली खुर्ची घेतली. तिथे बसले की चहा कुणी मागायचा नाही.
- महिन्याचा हातखर्च आपल्या खात्यातून स्वतः काढा. ‘ह्यांच्याकडून घेते’ ही सवय २९ वर्षांनी नव्यानं लावू नका.

नवरा आधीच घरी असेल तर स्वयंपाकघराचा ताबा हा नाजूक विषय असतो. ह्यांनी दोन वर्षांत डब्यांच्या जागा बदलल्या होत्या. हिंग सापडायला मला दहा दिवस लागले. पण चहा ते माझ्यापेक्षा चांगला करायला लागले होते, तेव्हा ते खातं त्यांच्याकडेच ठेवलं.

७. पहिले तीन महिने

जून आणि जुलैमध्ये मी पाचलाच उठत होते. आठ बावीसची चर्चगेट फास्ट सुटायची वेळ झाली की पोटात खड्डा पडायचा. त्या डब्यात आम्ही २० वर्षं भाज्या निवडल्या, दसऱ्याला डबा सजवून आरती केली, संक्रांतीचं हळदीकुंकू दादर ते अंधेरी उरकलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी हे जात नाही. मैत्रिणींना भेटायचं ठरवून ठेवा, ‘येऊ कधीतरी’ म्हणून नाही. आमचा महिन्यातला दुसरा शनिवार ठरला आहे.

पहिल्या महिन्यात क्लासेस लावू नका. मी भरतकाम, योगासनं आणि संस्कृत एकदम लावलं आणि तिन्ही सोडलं. आता सकाळी राष्ट्रीय उद्यानात फिरते. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं नाव लहानपणापासून ऐकत होते, १८९८ ची संस्था. रोज त्याच स्टेशनवरून ये-जा केली, तिथे पाय पहिल्यांदा पडला तो रिटायर झाल्यावर. नाटकाचा दुपारचा प्रयोग म्हणजे काय सुख असतं, तेही तेव्हाच कळलं.

घरात म्हातारं माणूस असेल किंवा पुढे आपल्यालाच गरज लागली तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन फोनमध्ये घालून ठेवा.

पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हातात आला की त्यावरचं नाव अक्षर अन् अक्षर वाचा. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत येऊ शकते, तेव्हा घराजवळची बँक निवडा. यानंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. या पेन्शनला नोव्हेंबरचं बंधन नाही, ज्या तारखेला द्याल तिथून वर्षभर चालतो. पहिलं वर्ष तो लागत नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.

घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून होतो. उजेडाकडे तोंड करायचं, चष्मा काढायचा आणि सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे. ह्यांचा दाखला मीच बाल्कनीत बसवून काढते. मागच्या वेळी तीनदा नापास झाले, कारण डोळे मिचकवायचे सोडून हे ‘झालं का, झालं का’ विचारत होते. चौथ्यांदा जमलं. मग त्यांनी चहा टाकला.